उघड्या तोंडाचा लांडगा

कवठे येमाई
१२ जानेवारी

अंकिता,

पाकीट मिळालं. पोस्टमन हाक मारत आला तवा मला वाटलं बँकेचं काय तरी असंल. वरचं अक्षर बघितलं आन् म्हटलं, आरं, हे तर आपल्या पोरीचं! तुझी आई म्हणाली, "फोडा की, बघत काय बसलाय?" मी आधी हात धुऊन आलो, मग फोडलं.

आत चिठ्ठी सात ओळींची आन् जुन्या चित्रांच्या झेरॉक्स चार. सात ओळी कामापुरत्या हायत, ते मला कळतंय. कामापुरतं का होईना, लिवलंस. बडोद्याहून फोन आला की तू "आईला द्या" म्हणतीस, मी "देतो" म्हणतो, झालं आपलं बोलणं. तू तिकडं गेल्यापासनं अशी तेरा वर्षं गेली. आन् ते कशापायी, हे बी मला ठावं हाय. त्या लांडगिणीपायी. तवा तू नऊ वर्षांची व्हतीस. तोवर तुझ्या तोंडाला दिवसभर खंड नसायचा, तवापासनं माझ्यापुरता पडला. म्हणून ह्या कागदाला मी कागदानंच उत्तर देतोय, फोनवर आपल्या दोघांनाबी जमायचं न्हाई. सातवी पास माणूस हाय, चुका काढू नको.

तू लिवलंस की एका जुन्या परदेशी गोष्टीचं मराठीत पुस्तक निघतंय, पोरांसाठी, आन् चित्रं तू काढतीस. चिलखत घातलेला सरदार आन् रानातली जनावरं. शेवटच्या चित्रात सरदार भाल्यानं लांडगा मारतो. आन् खाली लिवलंस, "जुन्या सगळ्या चित्रांत लांडग्याचं तोंड उघडंच आहे. मला ते खरं वाटत नाही. समोरासमोर लांडगा मारलेला माणूस मला तुम्ही एकच माहीत आहात. मरायच्या आधी त्याचं तोंड कसं होतं, ते लिहा."

लिवतो. पण आधी बाकीच्या चित्रांचं सांगू दे, मला राहवंना.

पहिल्या चित्रात सरदार घोड्यावर बसलाय. डोक्यापासनं नखापर्यंत पत्र्यात. घोड्याला बी पत्रा, आन् वर खुरापर्यंत झूल. मला सांग, हा गडी चढला कसा? आपली काळी घोडी तुला आठवत असंल. पाल, भांडी, दोन कोकरं आन् वर तू, एवढं लादलं की ती कान पाडायची. ह्या घोड्याच्या अंगावर दोन पोत्यांचं लोखंड हाय तरी कान ताठ! ज्यानं चित्र काढलं त्यानं जन्मात घोड्यावर ओझं लादलं न्हाई, हे मी लिवून देतो. आन् ह्या सरदाराला मधीच लघवीला लागली तर? हसू नको. रानात ऱ्हाणाऱ्या माणसाला हा प्रश्न पहिला पडतो.

आणखी एक. भाला त्याच्या डाव्या हातात हाय, तलवार उजव्या कमरेला. तिकडचे सगळेच डावखुरे व्हते का काय?

दुसऱ्या चित्रात सिंह. अंगानं सिंह, तोंडानं सोपानराव! आपले ग्रामपंचायतीत क्लार्क व्हते ते. तेच गाल, तीच मिशी. देवळापाशी नेऊन त्यांना दाखवलं. चष्मा लावून लई वेळ बघितलं आन् म्हणाले, "ज्ञानू, काढलाय मात्र झकास." आता खूशच झाला माणूस, काय बोलणार!

चौथ्या चित्रात रानडुकराच्या मागं कुत्री लागल्यात. हितं मी थांबलो. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा हाय आन् पट्ट्याला बाहेरून खिळं. अंकिता, आपल्या मोत्याच्या गळ्यात असाच पट्टा व्हता! न्हावऱ्याच्या लोहाराकडनं करून घेतलेला. जनावर नरडं धराय आलं की खिळं त्याच्याच तोंडात घुसायचं. हे सात समुद्रापलीकडच्या लोकांना कुणी सांगितलं? मी म्हणतो, हे चित्र काढणारा मेंढपाळाच्या घरचा असणार, न्हाईतर शेजारचा. त्याला घोडा येत न्हाई पण कुत्रं येतं. इचारून कळव.

तिसरं चित्र लांडग्याचं. ते पुढच्या खेपेला. आज लाईट दुपारची हाय, कांद्याला पाणी धरायचंय.

आई बरी हाय. गुडघा दुखतो म्हणती.

आबा


२ फेब्रुवारी

अंकिता,

ह्या खेपेला दोन पानं लिवलीस! तुझ्या आईनं मोजली.

ते डाव्या हाताचं वाचून मी चाट पडलो. म्हंजी तवा चित्र लाकडावर नायतर तांब्यावर कोरायचं, शाई लावायची आन् कागद दाबायचा, म्हणून उजवं ते डावं व्हायचं. हुशार कारागीर ध्यान ठेवून उलटं कोरायचा आन् एखादा विसरायचा. मी हे देवळापाशी सांगितलं तर कुणाला पटंना. शेवटी सोपानराव उठले, घरनं त्यांचा जुना रबरी शिक्का आणला. शिक्क्यावर अक्षरं उलटी, कागदावर सुलटी. मग सगळ्यांनी शिक्का हातात घेऊन घेऊन बघितला. माझ्या हातावर बी मारला, अजून गेला न्हाई.

आता आमची रोज बैठक बसती. तुझा चुलता खंडू, सोपानराव, रंगुबाई बी येती काठी टेकत. चित्रं मधी ठेवायची आन् खोट काढायची. रंगुबाई म्हणाली, डुकराला एवढी लांब मान कुठनं आली, हा तर गाढवाचा भाऊ. खंडूचं म्हणणं, सिंहाच्या पंजाला सहा बोटं हायत. मोजली, खरंच सहा! आम्ही आयुष्यभर जनावरं बघितली पण जनावराचं चित्र असं कवा बघितलं न्हाई. नीट बघाय लागलं की ज्यानं काढलं तोच दिसाय लागतो. कुणी सिंह बघितलाच नव्हता, कुणी घाईत व्हता, कुणाला नुसती झाडाची पानं काढायची हौस. तुला हे रोजच कळत असंल. मला अडुसष्टाव्या वर्षी कळतंय आन् लई मजा येती. खंडूचा रुद्र शिरूरहून आला व्हता, त्यानं मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढून नेले. त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला येतील म्हणाला.

आता लांडगा. तू परत इचारलंस, तर सांगतो. जानेवारीतली पहाट व्हती, खंडूच्या कळपातल्या कोकरावर आला व्हता हे तर सगळ्या गावाला माहीत हाय. मी काठी घेऊन आडवा झालो. तो अंगावर आला. तोंड सगळं उघडं, जीभ बाहेर एका बाजूला वळलेली. डोळं वटारलेलं. कपाळावरचं केस उभं. पुढचा एक पाय वर, शेपूट वर ताठ. मग मी काठी घातली. बस, एवढंच.

देवळाच्या सभामंडपात माझा फोटो अजून हाय, फेटा बांधलेला, पायापाशी लांडगा. पेपरात आला व्हता त्याचंच मोठं करून लावलंय. लागला तर रुद्रकडनं पाठवतो.

तुला तवा वाईट वाटलं, मला माहीत हाय. आपण दोघं बांधावर बसून त्या लांडगिणीला बघायचो. तू वहीत काढायचीस. मी तुला म्हणालो व्हतो, आपण तिच्या वाटंला जायचं न्हाई. जाऊ दे आता.

आबा


१६ फेब्रुवारी

अंकिता,

वाचलं तुझं पत्र. दोनदा वाचलं.

शेपटीवरनं बापाला खोटं पाडतीस व्हय? तू लिवतीस, "आबा, तुम्ही तिसऱ्या झेरॉक्समधला लांडगा जसाच्या तसा लिहून पाठवलात. जीभ, कपाळाचे केस, वर घेतलेला पाय, सगळं. आणि लांडगा शेपूट वर ताठ धरत नाही हे मला बांधावर तुम्हीच शिकवलंत." 

बरं मग? माणूस एकवीस-बावीस वर्षांनी सगळं ध्यानात ठेवतो का? काठी घेऊन उभा असलेला माणूस शेपूट बघत बसतो का? तुम्ही खुर्चीवर बसून चित्रं काढायची आन् आम्ही शेपट्या मोजायच्या! मला काय परीक्षा द्यायची हाय का तुझ्याकडं?

गावानं मला फेटा बांधला व्हता. शिरूरला फॉरेस्टच्या चौकशीला दोन हेलपाटे घातले मी, तरी कुणापुढं मान खाली घातली न्हाई. आजबी नवीन लगीन झालेली पोरं देवळात आली की त्यांना माझ्या पाया पडाय लावतात. आन् तू शेपटीचं इचारतीस.

काढ तुला जसं काढायचं तसं. मला आता इचारू नको.

आबा

आई म्हणती एवढं तोडून लिवू नका. पण लिवलेलं खोडत बसत न्हाई मी.


९ मार्च

अंकिता,

तीन आठवडे तुझं काय आलं न्हाई. मी इचारू नको म्हणालो आन् तू इचारलं न्हाईस. माझीच पोरगी तू.

हितं एक भानगड झाली हाय. पुढच्या महिन्यात आपल्या वस्तीवरच्या बिरोबाची जत्रा. तिचा फ्लेक्स रुद्रनं केलाय. काल मोटरसायकलवर गुंडाळी घेऊन आला आन् अंगणात पसरली. काय सांगू तुला! तुझ्या पहिल्या चित्रातला सरदार, सगळा पत्र्यात, घोड्यावर. पण पत्र्याच्या टोपीत माझं तोंड. मिशीसकट! हातात भाला, भाल्याखाली तुझ्या तिसऱ्या चित्रातला लांडगा, तोंड उघडं, शेपूट वर. मागं आपला सगळा माळ. वर लाल अक्षरात, "कवठ्याचा ढाण्या वाघ, लांडगा मारणारे ज्ञानू आबा." बारा फूट बाय आठ.

रुद्र म्हणाला, "चुलते, भाला मी उजव्या हातात घेतलाय. उलटा केला फोटो. चालंल ना?"

मी हसलो आधी. तुझी आई बी हसली, पदर तोंडाला लावून. मग ती माझ्याकडं बघाय लागली. एरवी ती भाकरीकडं बघतीया तसं न्हाई, नीट बघाय लागली. मी म्हटलं, काय गं? ती म्हणाली, "काय न्हाई. पत्र्यात लई उकडत असंल."

अंकिता, तू तुझ्या शेवटच्या चित्राचं काय केलंस? काढलंस का? छापायला गेलं का? नसंल गेलं तर थोडं थांबव. मला एका माणसाला भेटून यायचंय खुटबावला, मग लिवतो. त्याला इचारल्याबिगर लिवता येत न्हाई.

आबा


२३ मार्च

अंकिता,

शिरूर, न्हावरा, चौफुला, तिथनं खुटबाव. तीन गाड्या बदलल्या. नबीलालकडं गेलो व्हतो. तुला आठवत नसंल तो. रांजणगावच्या एका कंपनीची बस चालवायचा, फाट्यावरनं आपल्याकडच्या पोरांना शिफ्टला न्यायचा. नंतर काम सोडून तिकडं मूळ गावी गेला. आता त्याच्या पोराचं, इम्रानचं, गॅरेज हाय, त्याच्या दारात बाज टाकून बसलेला असतो. दाढी सगळी पांढरी. मला बघितलं आन् उठला न्हाई, नुसती जागा करून दिली. 

म्हणाला, "ज्ञानू, लई उशीर केलास यायला."

मी त्याला तुझी चित्रं दाखवली. तिसरं चित्र त्यानं लांब धरून बघितलं. म्हणाला, "हे तोंड असं नव्हतं." मी म्हटलं, न्हाई. मग त्याच्या बायकोनं, सरदारबीनं, चहा आणला. तिनं बी चित्र बघितलं आन् ती बी म्हणाली, "असं नसणार." मी नबीलालकडं बघितलं. तो म्हणाला, "तिला मी त्याच दिवशी घरी जाऊन सांगितलं व्हतं. जेवण जाईना मला. तू घरी गीताबाईला सांगितलं न्हाईस?"

न्हाई सांगितलं. कुणालाच सांगितलं न्हाई. आता तुला सांगतो. नबीलाल म्हणाला, सांग, माझी हरकत न्हाई.

त्या लांडगिणीला मी मारलं न्हाई. नबीलालच्या बसनं मारलं.

तुला ठावं हाय, त्या दिवाळीला आपण मेंढरं विकली. चरायला रान उरलं न्हाई, खंडूनं थोडी ठेवली, मी सगळी दिली. विकून दोन महिने झाले तरी मी पहाटं उठायचो, काठी घ्यायचो आन् माळावर जायचो. कशाला, तर कशाला न्हाई. सवय. त्या दिवशी रस्त्याकडं ब्रेक वाजला म्हणून मी गेलो. रिकामी बस उभी, नबीलाल खाली उतरून डोक्याला हात लावून उभा, आन् ती रस्त्याकडंच्या चारीत पडलेली. कंबर मोडली व्हती. नबीलाल रडाय आला, म्हणाला, ज्ञानू, दिसलीच न्हाई रं. मी म्हटलं, तू जा, पोरं फाट्यावर थांबली असतील. तो गेला. मी तिच्यापाशी बसलो.

तर तू इचारलंस ते तोंड असं व्हतं. मिटलेलं. ओठ बी वर न्हाई, एक दात दिसत नव्हता. कान मागं. माझ्याकडं तिनं एकदा बघितलं, मग बघितलं न्हाई. माळाकडं बघत व्हती. मी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं, ती प्याली न्हाई, पण गुरगुरली बी न्हाई. श्वास नाकातनं यायचा, थांबायचा, यायचा. मी तिच्या अंगावर हात ठेवला. लांडग्याच्या अंगावर हात ठेवलेला माणूस मी बघितला न्हाई आन् मला बी तवाच कळलं, वरचं केस राठ असतात आन् आतलं मऊ. मग श्वास आला न्हाई.

तेवढ्यात वस्तीवरची शिफ्टची पोरं फाट्याकडं चालत आली. त्यांना काय दिसलं? मी, काठी आन् मेलेला लांडगा. एक जण ओरडला, "आबांनी लोळवला की राव!" मग सगळे धावले. कुणी माझा हात वर धरला, कुणी मला खांद्यावर घेतलं. मी एक शब्द खोटा बोललो न्हाई, अंकिता. मी बोललोच न्हाई. नुसता गप बसलो. नंतर पोरांनी बसमधी बसून सगळी वाट माझा पराक्रम सांगितला, आन् कुणाला, तर नबीलालला! तो स्टिअरिंग धरून "हां, हां" म्हणत ऱ्हायला.

तू म्हणशील नबीलालची नोकरी जाऊ नये म्हणून गप बसलो असंल. मी बी लई वर्षं मनाला तेच सांगितलं. पण ते खरं न्हाई. खरं हे की त्या दोन महिन्यांत मला कुणी हाक मारली नव्हती. मेंढरं असताना सगळे ज्ञानू ज्ञानू करायचे. लोकर पायजे, खत पायजे, रानात मेंढरं बसवायची. मेंढरं गेली आन् मी रस्त्यानं गेलो तरी कुणाला दिसंना. त्या पहाटं सगळ्यांना एकदम दिसलो. मला ते सोडवलं न्हाई. 

आन् तू बी तिथं आलीस. गलका ऐकून, अनवाणी. सगळे लांडग्याकडं बघत व्हते, तू एकटी माझ्याकडं. तवा सांगितलं असतं तर झालं असतं. खाली वाकून तुझ्या कानात सांगितलं असतं तरी बास व्हतं, गावाला कशाला कळायला पायजे व्हतं? पण माझ्या डोक्यावर कुणीतरी टॉवेलाचा फेटा बांधत व्हतं आन् मी मान ताठ धरून उभा व्हतो. तू वळून घरी गेलीस. तुझी पाठ मला अजून दिसती.

मी फेटा ठेवला आन् पोरगी घालवली. हिशोब मला तवाच कळला व्हता, तरी केला.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. हात पिठात व्हता तिचा. म्हणाली, "मला माहीत हाय." मी म्हटलं, कसं? "त्या दिवशी काठी मी आत ठेवली. काठीला रक्ताचा थेंब नव्हता आन् तुमच्या हाताला तिचं केस चिकटलेलं. एवढं कळंना का मला?" म्हटलं, मग बोलली का न्हाईस? तर म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली. मग वाट बघायची बी सवय झाली." आन् भाकरी थापाय लागली.

तोंड मिटलेलं काढ.

आबा


१८ एप्रिल

अंकिता,

तुझं उत्तर न्हाई. नसू दे. मी लिवतो.

परवा जत्रा झाली. मी रुद्रला म्हणालो व्हतो, फ्लेक्स लावू नको. त्यानं कमानीवरच लावला, लाईटिंगसकट. म्हटलं, ठीक हाय, मग माझं मी बघतो. भंडारा उधळून झाला, मानाचे नारळ झाले, आन् माईकवर पुकारलं, "ज्ञानू आबांचा सत्कार." गेलो. माईक हातात घेतला. म्हटलं, मंडळी, मी लांडगा मारला न्हाई. बस लागून मेला. मी नुसता शेजारी बसलो व्हतो. बावीस वर्षं तुम्हाला फसवलं, मला माफ करा आन् तो फोटो उतरवा.

मला वाटलं, आता कुणीतरी चप्पल मारतंय.

मग टाळ्या पडाय लागल्या. खऱ्याच टाळ्या! सोपानराव उठले, डोळं पुसत म्हणाले, "बघा मंडळी, याला म्हणतात मोठं मन. केलं तरी केलं म्हणत न्हाई." रंगुबाई माझ्या तोंडावरनं हात फिरवून गेली. मी ओरडलो, आरं, खरं सांगतोय! तर पोरं आणखीनच शिट्ट्या माराय लागली.

नबीलाल आला व्हता. मी बोलावला न्हाई, तो आपल्या आपण आला, इम्रानच्या गाडीवर मागं बसून. तो गर्दीतनं पुढं आला आन् माईकवर म्हणाला, "ज्ञानू खरं बोलतोय. माझ्या गाडीखाली आली ती." तर खंडू, माझा सख्खा भाऊ, काय म्हणावा? "दोस्ती असावी तर अशी. फॉरेस्टची केस ह्याच्यावर येऊ नये म्हणून अंगावर घेतो बघा." मग त्याला बी फेटा बांधला. आम्ही दोघं म्हातारे फेटे बांधून एकमेकांकडं बघत उभे. नबीलाल हळूच म्हणाला, "ज्ञानू, आता काय करायचं?" मला हसूच आवरंना. तुझी आई खाली बायकांत बसली व्हती, तिनं पदर तोंडात कोंबलेला.

पण घरी आलो आन् हसू गेलं. फ्लेक्स अजून कमानीवर हाय. फोटो सभामंडपात हाय. जे मी केलं न्हाई, तोंडानं सांगितलं बी न्हाई, ते गावाला एका क्षणात पटलं, आन् माईकवर ओरडून सांगितलं ते पटंना. हे आता असंच ऱ्हाणार. मी मेलो तरी लोक म्हणणार, त्यानं लांडगा मारला व्हता. ऱ्हाऊ दे. गावाचं मला आता काय वाटत न्हाई.

मला तुझं वाटतं. तुला बी असंच वाटलं असंल का, की आबा आता म्हातारपणी पोरीला जवळ आणायला गोष्ट रचतोय? एकदा झेरॉक्समधला लांडगा तुला लिवून पाठवला, मग हा दुसरा बी कशावरनं खरा? इचारायचा हक्क हाय तुला. तुझ्या जागी मी असतो तर मी बी इचारलं असतं.

तुझी आई म्हणाली, "नबीलालचा नंबर लिवून पाठवा. पोरगी फोन करून खात्री करून घेईल." मी खाली नंबर लिवला. मग त्यावर रेघ मारली, मग अजून मारल्या, बघ, कागद फाटलाय तिथं. त्याचं ऐकून तुला पटलं, तर ते नबीलालचं पटलं. तुला माझं पटायला पायजे. पटत नसंल तर तसं लिव, पण लिव.

आबा